हळदीचा डाग : आधी तेल, मग रंग, शेवटी ऊन

घरचे डाग, घरचे उपाय : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण तेलातुपाचे डाग पाहिले. आज त्यांच्याच जोडीनं येणारा, आणि मराठी स्वयंपाकघरात बहुधा सर्वांत जास्त वेळा पडणारा डाग घेऊ. आमटीचा थेंब, बटाट्याच्या भाजीचं बोट, लोणच्याचा खार, लग्नघरातली उष्टी हळद, या सगळ्यांच्या मुळाशी एकच रंगद्रव्य आहे : कर्क्युमिन.

‘हळद लागली की कपडा गेला’ असं सर्रास म्हटलं जातं आणि चांगल्या कुर्त्याचं फडकं होतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हळदीचा रंग पटकन धरतो हे खरं, पण उजेडापुढे तो टिकत नाही. घाई न करता, योग्य क्रमानं गेलं तर सुती कपड्यावरचा हळदीचा डाग बहुतेक वेळा पूर्ण जातो.

हळद इतकी का धरते?

झाडापानांपासून काढलेले बहुतेक रंग कापडावर बसवायला तुरटीसारखा पदार्थ लागतो. हळदीला तो लागत नाही. सूत, रेशीम, लोकर या तिन्हींवर ती थेट चढते. म्हणून कापड रंगवायला हळद पूर्वापार वापरली गेली, आणि उन्हात उडणारा रंग म्हणून कच्ची समजलीही गेली.

दुसरी अडचण म्हणजे कर्क्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलात विरघळतं. फोडणीत हळद पडली की तेल पिवळंधमक होतं, ते याचमुळे. आमटीचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला की जरा निरखून पाहा. मध्ये गडद पिवळा ठिपका असतो आणि त्याभोवती फिकट, ओलसर दिसणारं कडं पसरत जातं. ते कडं तेलाचं. तेच रंगाला धाग्याच्या आत घेऊन जातं. त्यामुळे नुसतं पाणी मारून काही होत नाही. आधी तेल काढायचं, मग रंग.

लाल झाला म्हणजे बिघडला नाही

पिवळ्या डागावर साबणाची वडी फिरवली की तो विटकरी लाल होतो. इथेच अनेकजण घाबरतात. डाग आणखी पक्का झाला असं वाटून लगेच लिंबू पिळतात. लाली जाते, डाग पुन्हा पिवळा होतो आणि लिंबानं गुण दिला असं वाटतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते समजून घेऊ. कर्क्युमिन आम्लात पिवळं असतं आणि अल्कधर्मी पदार्थात लाल. कपड्याचा साबण, धुण्याची पावडर, धुण्याचा सोडा, चुना हे सगळे अल्कधर्मी आहेत. हळदीत चुना कालवला की लालभडक रंग येतो, तोही याच गुणामुळे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की, लाल रूपातलं कर्क्युमिन पाण्यात जास्त विरघळतं आणि लवकर मोडतं. म्हणजे डाग लाल झाला की तो धुऊन काढायची हीच वेळ असते. त्या क्षणी लिंबू पिळलं तर आपण त्याला पुन्हा पाण्यात न विरघळणाऱ्या, टिकाऊ पिवळ्या रूपात नेऊन ठेवतो. हळदीच्या डागाला लिंबू आणि व्हिनेगर नको, ते एवढ्याचसाठी.

सुती कपड्यासाठी क्रम

पहिलं काम, डाग चोळू नका. सुक्या हळदीची पूड सांडली असेल तर कपडा झटका, पाणी लावू नका. आमटी-भाजी असेल तर चमच्याच्या कडेनं वरचं उचला आणि जुन्या कोरड्या कापडानं टिपून घ्या. तेल जास्त वाटलं तर डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग झटका.

दुसरं काम तेल काढण्याचं. डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घ्या, बोटानं हलकेच जिरवा, दहा मिनिटं थांबा. मग कपडा उलटा करून, डागाच्या मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा. मागून धार सोडली की तेल ज्या वाटेनं आत शिरलं त्याच वाटेनं बाहेर पडतं.

तिसरं काम रंगाचं. आता कपड्याच्या साबणाची वडी लावा. डाग लाल होईल, होऊ द्या. फेस करून भरपूर पाण्यानं खळबळा. पाणी तांबूस निघताना दिसेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच दोन-तीनदा करा. शेवटी साबणाचा अंशही राहू देऊ नका. साबण निघून गेला की उरलेला डाग पुन्हा पिवळा दिसेल, पण आधीपेक्षा बराच फिका.

चौथं काम उन्हाचं. कपडा ओलसर असतानाच, डाग सूर्याकडे करून वाळत घाला. कर्क्युमिन प्रकाशाचा निळा-जांभळा भाग शोषून घेतं आणि त्यातच मोडत जातं. गडद डाग असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून उन्हात घाला. पावसाळ्यात किंवा ज्या फ्लॅटला गॅलरी नाही तिथे खिडकीच्या काचेआडचा उजेडही कामी येतो, फक्त वेळ जास्त लागतो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका.

पांढऱ्या सुती कपड्यावर एवढं करूनही पिवळी झाक राहिली तर औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते साधारण ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळून डागावर लावा, अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. नीळ घालून झाक लपते, डाग जात नाही.

रंगीत कपड्याचा स्वतःचा रंगही उन्हात उडू शकतो. म्हणून आतल्या शिवणीवर साबण लावून आधी पाहा, आणि ऊन थोडं थोडं द्या.

रेशीम, प्लास्टिक आणि देव्हारा

रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत. अल्कधर्मी साबण आणि सोड्यानं ती खराब होतात, ब्लीचनं तर विरतातच. पैठणीवर किंवा जरीच्या साडीवर हळद सांडली तर कोरड्या कापडानं टिपा, बाकी काही करू नका. ड्रायक्लीनिंगला देताना डाग हळदीचा आहे आणि त्यात तेल आहे, एवढं आवर्जून सांगा. हळदीच्या कार्यक्रमाला रेशीम नेसायचंच नाही, हा सर्वांत स्वस्त उपाय.

प्लास्टिकच्या डब्यात रंग तेलासोबत आत मुरतो, आणि पदार्थ गरम असला तर जास्तच. असा डबा आधी खाण्याच्या तेलाचा बोळा फिरवून पुसा. जो रंग तेलात विरघळतो तो तेलातच बाहेर येतो. मग लिक्विडनं धुऊन, झाकण काढून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. मिक्सरच्या झाकणाचं रबर आणि पांढरे चमचेही असेच निवळतात. आमटी प्लास्टिकमध्ये काढायची असेल तर ती निवू द्यावी. स्टीलचा डबा असेल तर प्रश्नच नाही.

संगमरवरी देव्हाऱ्यावर हळदीकुंकवाचे डाग पडतात आणि पुष्कळजण तिथे लिंबू घासतात. संगमरवर, कडप्पा, शहाबादी फरशी हे सगळे चुन्याचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांतलं आम्ल दगडाचा वरचा थरच खातं. चकाकी जाते आणि पुढचा डाग आणखी खोल बसतो. तिथे खायच्या सोड्यात पाणी घालून जाडसर लेप करा, डागावर थापा, रात्रभर ओलसर फडक्यानं झाका आणि सकाळी पुसून घ्या. कुंकवाचा भाग मात्र हट्टी असू शकतो. बाजारच्या कुंकवात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो आणि तो हळदीसारखा उजेडानं उडत नाही.

हे टाळाच

ब्लीच वापरायचं झालं तर फक्त पांढऱ्या सुती कपड्यावर, पाण्यात मिसळून आणि खिडकी उघडी ठेवून. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचाही उपयोग नाही. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि डागासाठी काहीच उरत नाही.

या आठवड्यात घरातला एखादा जुना, हळदीचा म्हणून बाजूला टाकलेला रुमाल किंवा टॉवेल काढा आणि हा क्रम त्यावर करून पाहा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या जास्त लागतील, पण फरक डोळ्यांना दिसेल.

पुढच्या लेखांकात चहा-कॉफीचे डाग. त्यात दूध असेल तर पहिलं पाणी गार का हवं, आणि चहाचा डाग लोखंडाच्या संगतीत काळा का पडतो, ते पाहू.