भेळेच्या पुड्यातले गुरुत्वाकर्षण

कर्कटक, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसा. जाड कागदावर १० सेंमी त्रिज्येचे वर्तुळ कापून घ्या. मध्यबिंदूपासून वरच्या बाजूला ६० अंशांची फाक आखा. आता मध्याच्या डावीकडे व उजवीकडे २ सेंमी अंतरावर, खालून सरळ वर जाणाऱ्या दोन समांतर रेषा काढा. फाकेच्या कडेला टेकल्या की थांबा. फाक कापून टाका आणि मोकळ्या कडा जुळवून चिकटवा. आमच्या श्रीरामपुरात भेळेचा पुडा असतो तसा, पण जरा पसरट पुडा तयार होईल. रेषांकडे पाहा. आरंभी समांतर असलेल्या त्या रेषा टोकापासून ४ सेंमीवर चक्क भेटल्या!

समजा, लांबी-रुंदी आहे पण उंचीच नाही, असे एक विश्व आहे. त्यात एक जड कण ठेवला तर? १९८४ साली डेझर, जॅकिव आणि ट हूफ्ट यांनी आइन्स्टाइनची समीकरणे अशा विश्वाला लावली. कण बसतो तो पुड्याच्या टोकाशी. बाकी अवकाश सपाट. वस्तुमान जास्त तेवढी फाक मोठी. गंमत अशी, की तिथे स्थिर सोडलेला दगड कणाकडे पडतच नाही! मात्र कणाच्या दोन बाजूंनी गेलेले समांतर प्रकाशकिरण पलीकडे एकमेकांना छेदतात, तुमच्या रेषांसारखे.

“सर, जे विश्वच नाही त्याचा अभ्यास कशाला?” असे वर्गात कोणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. गुरुत्वाकर्षण आणि पुंजसिद्धांत यांचा मेळ आपल्या विश्वात अजून बसलेला नाही. गणित फार अवघड होते. मिती कमी केल्या की तेच गणित आवाक्यात येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या स्पेंटा वाडिया यांनी गौतम मंडल व अनिर्वाण सेनगुप्ता यांच्यासह १९९१ मध्ये, फक्त एक लांबी आणि एक काल एवढ्याच विश्वात कृष्णविवर असू शकते, असे दाखवले. त्याच वर्षी एडवर्ड विटनही तेथेच पोहोचले.

तरी जपून! पुड्याच्या विश्वात गुरुत्वीय लहरी नसतात. आपल्या विश्वात त्या २०१५ साली टिपल्या गेल्या, आणि हिंगोली जिल्ह्यात त्यांच्यासाठी वेधशाळा उभारण्याला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे सोप्या विश्वातले प्रत्येक उत्तर इकडे चालेलच असे नाही. कोणते चालते, हे शोधण्यातच खरी कसोटी आहे.

आता फाक ९० अंशांची करा. रेषा टोकापासून किती अंतरावर भेटतील? आधी पायथागोरसच्या प्रमेयाने काढा, मग पट्टी लावा.