बाहुलीचे केस : जपावेत की बदलावेत?

पेण हे गाव गणेशमूर्तींमुळे सर्वपरिचित आहे. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. तेथे डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला विशेष मान असतो. कारण एक रेघ चुकली तरी मुखावरचा भाव बदलतो. बाहुलीच्या बाबतीत हेच स्थान केसांना आहे. मूर्तीचे केस मातीचे व रंगाचे असल्याने ते गळत नाहीत. शिवाय गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी येते. बाहुली मात्र एकदा घरात आली की पिढ्यान्‌पिढ्या राहते आणि तिच्या देहाआधी बहुधा तिचे केस थकतात.

पेणपासून कुंडलिकेकाठच्या रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने अतिशय दमट असतात. ट्रंकेत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बाहुलीला या दिवसांत बुरशी येते, केसांतील टाचण्या गंजतात, लोकरी केसांना कसर लागते. अशा वेळी केस उपटून नवे लावण्याचा मोह होतो. पण त्याआधी केस कशाचे आहेत, हे ओळखणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन व फ्रेंच चिनी मातीच्या बाहुल्यांना मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचा, किंवा मानवी केसांचा टोप असे. तो टाळूवर डिंकाने किंवा सरसाने चिकटवीत. १९५० च्या दशकात मऊ प्लास्टिकची डोकी आली आणि त्यांत कृत्रिम केस यंत्राने टोचून रोवले जाऊ लागले. १९५९ मध्ये बाजारात आलेली बार्बी याच पद्धतीची. टोपाची बाहुली आणि रोवलेल्या केसांची बाहुली यांची दुरुस्ती सर्वस्वी भिन्न आहे.

रोवलेले केस केवळ गुंतले असतील तर ते बदलू नयेत. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून ते धुवावेत. टोकाकडून सुरुवात करून रुंद दातांच्या फणीने थोडे थोडे मोकळे करावेत आणि सावलीत वाळवावेत. कडकडीत पाणी व केस वाळवण्याचे गरम यंत्र टाळावे. काही कृत्रिम केस उष्णतेने आक्रसतात. टोप मात्र भिजवू नये. मऊ कुंचल्याने त्यावरची धूळ झटकावी.

केस खरोखरच गळून टक्कल पडले असेल, तरच नवे रोवावेत. गरम पाण्याने मान मऊ करून डोके अलगद काढतात, उरलेले केस आतून चिमट्याने ओढून घेतात आणि जुन्याच छिद्रांतून सुईने नवे झुबके ओवून आत गाठ मारतात. डोक्यात भरमसाट गोंद ओतू नये. कालांतराने तो बाहेर पाझरून केस चिकट करतो. टोप नवा करावयाचा असल्यास सुती टोपीवर मानेच्या कडेपासून टाळूपर्यंत केसांच्या पट्ट्या शिवाव्यात. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो आणि रेशमासाठी कोशातील जीव मारले जातात. ज्या घरांत याचा विचार होतो, तेथे पिठाची खळ व सुती किंवा कृत्रिम धागा हा सोपा पर्याय आहे. खळीचा आणखी एक गुण असा की, पुढे ओलावा देऊन ती सोडवता येते.

बाहुली मुलीच्या हाती खेळण्यासाठी द्यावयाची असेल, तर नवे केस लावण्यात काहीच गैर नाही. परंतु आजीने घातलेली वेणी एकदा उलगडली की ती पुन्हा कोणालाही घालता येत नाही. संग्राहकांच्या दृष्टीनेही मूळ केस विरळ झालेली बाहुली ही नव्या दाट केसांच्या बाहुलीपेक्षा बहुधा अधिक मोलाची ठरते.

म्हणून बदल अटळ असल्यास आधी छायाचित्र काढावे. काढलेले केस कागदी पाकिटात घालून, काय बदलले व केव्हा, याची चिठ्ठी त्यासोबत ठेवावी. बाहुली सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवावी आणि डांबराच्या गोळ्या तिच्यापासून दूर ठेवाव्यात. पुढच्या पिढीच्या हाती ती जाईल तेव्हा तिच्या अंगावरचे जुने कोणते आणि नवे कोणते, हे त्या चिठ्ठीमुळे कळेल.