वीज समजून घेताना – लेखांक ६ : रोध आणि शक्ती

मागील लेखांकात विभवांतर आणि विद्युतधारा या राशींचा परिचय झाला. या दोन राशी मोजल्या, की एका भागाकाराने आणि एका गुणाकाराने उपकरणाविषयीच्या आणखी दोन गोष्टी कळतात. विभवांतराला धारेने भागले असता रोध, म्हणजे धारेच्या वहनास वाहकाकडून होणारा विरोध, ओहममध्ये मिळतो. त्याच दोन राशींचा गुणाकार केला असता शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी विद्युत ऊर्जा, वॉटमध्ये मिळते.

गीझरवरील पट्टीवर २३० व्होल्ट आणि २००० वॉट असे आकडे असतील, तर त्यातून ८.७ अँपिअर धारा वाहते आणि त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६.४ ओहम भरतो. म्हणूनच तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवणे धोक्याचे असते. गावाकडे संध्याकाळी दाब, म्हणजेच विभवांतर, १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर धारा ६.८ अँपिअरवर येते आणि शक्ती १२२५ वॉटच्या आसपास राहते. दाब जेमतेम २२ टक्क्यांनी घटतो, पण शक्ती ३९ टक्क्यांनी घटते, कारण दाबाबरोबर धाराही कमी होते आणि घट दोन्हीकडून लागू पडते.

हे गणित रोध स्थिर राहील या गृहीतावर उभे आहे. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाला १८२६ मध्ये धारा दाबाच्या प्रमाणात बदलते हा नियम प्रयोगाने दाखवता आला, तो दाब स्थिर ठेवण्याची युक्ती हाती आल्यावरच. व्होल्टाच्या घटाचा दाब धारा वाहू लागताच ढळत असे. त्याऐवजी ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडणी वापरली, तिचे एक टोक उकळत्या पाण्याच्या आणि दुसरे बर्फाच्या तापमानाला ठेवले, आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून निरनिराळ्या लांबीच्या तारांमधील धारा मोजली. नियमाइतकेच त्यामागील हे प्रयोगकौशल्यही मोलाचे आहे, आणि शालेय पुस्तकांत त्याला अधिक जागा मिळायला हवी.

गीझरची नायक्रोमची कॉइल तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बची गोष्ट वेगळी आहे. तो पेटलेला असताना ०.२६ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे ८८० ओहम ठरतो. पण तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर मल्टीमीटरला जोडला, तर आकडा ६०-७० ओहमच्या आसपास दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. बटण दाबताच क्षणभर कितीतरी अधिक धारा तारेतून धावते, आणि झिजलेले बल्ब बहुधा त्याच क्षणी उडतात. त्यामुळे रोधाचा आकडा सांगताना तो कोणत्या तापमानाचा हेही सांगणे आवश्यक ठरते.

गुणाकारालाही एक मर्यादा आहे. मोटारीत धारेची लहर दाबाच्या लहरीच्या मागे पडते. त्यामुळे २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेणाऱ्या पंपाची शक्ती १६१० वॉट धरता येत नाही, तर त्या गुणाकाराला शक्ती गुणकाने पुन्हा गुणावे लागते. हा गुणक ०.८ असेल, तर खरी शक्ती १२८८ वॉट येते, आणि घरगुती वीजमीटर युनिट मोजतो ते याच शक्तीवरून.