शून्य रुपयांचा फासा

नगरच्या माळीवाडा बसस्थानकावर एसटीची वाट बघणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये डोकावा. कुणी लुडो खेळतंय, कुणी कॅरम, कुणी एकसारख्या तीन गोळ्या जुळवतंय. बसायला जागा मिळो न मिळो, खेळ मात्र सगळ्यांकडे आणि तोही फुकट!

अशा खेळांच्या किमतीचा प्रवासच चक्रावून टाकणारा आहे. १९९० मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ विंडोज ३.० सोबत आयताच मिळायचा. तो लिहिणाऱ्या वेस चेरीला रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. २००१ मध्ये रत्नं जुळवायचा बिज्वेल्ड आला, त्याच्या पूर्ण आवृत्तीला सुमारे २० डॉलर पडत. २००९ मध्ये अँग्री बर्ड्स एका डॉलरच्या आत आला. २०१२ चा कँडी क्रश तर शून्यावर उतरला आणि त्याची कंपनी २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली!

फुकटातून एवढा पैसा येतो कुठून? एकदा खेळ तयार झाला की त्याची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. मोजके खेळाडू हौसेनं नाणी किंवा जास्तीचे डाव विकत घेतात. बाकीचे जाहिराती बघतात. दोन डावांमध्ये जाहिरात झळकण्याआधी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, नेप्तीच्या कांदा बाजारासारखा लिलाव होऊन जातो. बोली लागते ती तुमच्या तीस सेकंदांवर.

खेळांची रेलचेल प्रचंड, पण नियम पाहिले तर मूठभर. रत्नांच्या जागी गोळ्या आल्या, गोळ्यांच्या जागी फळं. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीनं २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग हा पचिसीचाच वंशज. त्यातली साप-शिडी तर आपल्या नगर जिल्ह्याशी नातं सांगते. परंपरेनं तिच्या मूळ मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशात. पुण्याची शिडी, पापाचा साप, असा तो पट.

अनेक खेळांत ‘जाहिराती काढा’ असं एक बटण असतं. त्यापुढची रक्कम जरूर वाचा. तुमचं लक्ष विकण्याचा हक्क सोडायला कंपनी किती मागते, ते तिथे रुपयांत लिहिलेलं असतं. फुकट खेळाची खरी किंमत याहून स्पष्ट कुठेच छापलेली नसते.