पाऊण भागिले अर्धा: कॉलेजच्या प्लेसमेंट टेस्टआधीचे गैरसमज

लग्नानंतर अमेरिकेत आलेली, बी.कॉम. किंवा बी.ए. होऊन पंधरा-वीस वर्षं उलटलेली बाई. मुलं शाळेत जायला लागतात, दुपार मोकळी होते, आणि नर्सिंग, अकाउंटिंग, एक्स-रे तंत्रज्ञ असं काहीतरी शिकावं म्हणून ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चौकशी करते. फॉर्म भरून होतो आणि उत्तरात एक ओळ येते: गणिताची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल. तिथे पाय अडखळतो. मी अशा प्रौढ विद्यार्थ्यांना गणित शिकवते, आणि मला येणारे बहुतेक फोन याच टप्प्यावरचे. "अहो, पाऊण भागिले अर्धा कसं करायचं तेसुद्धा आठवत नाहीये. दहावीला मला बरे मार्क होते हो!" या फोनमधून तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा ऐकू येतात. ते नीट सोडवले पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे कुणाचं सहा महिन्यांचं, कुणाचं वर्षाचं नुकसान होतं.

"यात पास-नापास नसतं, मग अभ्यास कशाला?"

यातलं अर्धं वाक्य खरं आहे. नापासाचा शिक्का या परीक्षेत नाही, कुठल्या वर्गापासून सुरुवात करायची एवढंच ती ठरवते. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचीच 'अ‍ॅक्युप्लेसर' ही परीक्षा अनेक कम्युनिटी कॉलेजांत चालते, आणि तिच्या प्रत्येक विषयाचे गुण २०० ते ३०० यांच्या दरम्यान असतात. कुठल्या गुणांना कुठला वर्ग, हे कॉलेज ठरवतं. 'अ‍ॅलेक्स' ही दुसरी परीक्षा ० ते १०० गुणांची.

पण गुण कमी पडले तर तुम्हाला 'डेव्हलपमेंटल' म्हणजे पूर्वतयारीच्या वर्गात घालतात. त्या वर्गाची फी भरावी लागते, वेळ जातो, आणि त्याचे क्रेडिट बहुधा पदवीत धरले जात नाहीत. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरमधल्या थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एकामागून एक कराव्या लागणाऱ्या या वर्गांच्या साखळीचा हिशेब मांडला. गणिताच्या पूर्वतयारीला पाठवलेल्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी ती साखळी पूर्ण केली होती. त्यातही वर्गात बसून नापास झालेल्यांपेक्षा पुढच्या वर्गाला नाव न घातलेले जास्त होते. माणसं हरत नाहीत, कंटाळून निघून जातात.

याच गैरसमजाचं दुसरं रूप मला जास्त खटकतं: "तयारी करून गेलं तर खरी पातळी कळणार नाही, तसंच जावं." हे प्रामाणिकपणाचं वाटतं, पण त्यात एक घोटाळा आहे. तयारीशिवाय दिलेली परीक्षा तुम्हाला काय येतं हे मोजत नाही, त्या सकाळी काय आठवलं एवढंच मोजते. पंधरा वर्षं न वापरलेली आणि मुळात कधीच न शिकलेली गोष्ट तिला सारखीच दिसते. त्याच केंद्रातल्या जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की गणिताची प्लेसमेंट टेस्ट देणाऱ्या साधारण चारांतल्या एकाची नेमणूक साफ चुकीच्या वर्गात होत होती, आणि शाळेतले एकूण गुण हा पुढच्या यशाचा अधिक चांगला अंदाज होता. तेव्हा महिनाभर तयारी करून जाणं ही लबाडी नाही. परीक्षेला तुमची खरी ओळख करून देण्याचा तोच रास्त मार्ग आहे.

आणि त्याआधी एक फोन कॉलेजला करावा: ही परीक्षा मला द्यावीच लागेल का? कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ या कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजांना शाळेतल्या गुणांवरून वर्ग ठरवावे लागतात. फ्लोरिडात २०१३ च्या कायद्यानंतर बऱ्याच विद्यार्थ्यांना ही परीक्षा ऐच्छिक आहे. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून आणलं तर सूट देणारी कॉलेजं आहेत. काही ठिकाणी मात्र चौकशी केल्याशिवाय हे कुणी आपणहून सांगत नाही.

"विसरलं म्हणजे गेलं"

हरमन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला. तो आलेख सगळ्यांना माहीत असतो. त्यांनी मोजलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. जो वेळ वाचतो तो आधीच्या शिक्षणाचा शिल्लक ठेवा.

गणिताबद्दल याहून नेमकं काम हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. शाळा सोडून अगदी पन्नास वर्षं झालेल्यांसह सतराशेहून अधिक लोकांची त्यांनी बीजगणिताची चाचणी घेतली. ज्यांनी कॉलेजात कॅल्क्युलस किंवा त्यापुढचं गणित केलं होतं, त्यांना शाळेचं बीजगणित पन्नास वर्षांनीही जवळजवळ तसंच येत होतं, मधल्या काळात त्याचा वापर नसतानाही. ज्यांचं गणित शाळेतच संपलं, त्यांचं बीजगणित काही दशकांत अंदाजपंचे उत्तर देण्याच्या पातळीवर आलं, आणि शाळेत दोन्ही गटांना सारखे गुण असले तरी हा फरक राहिला. म्हणजे फरक हुशारीचा नव्हता. एकच गोष्ट किती वर्षं निरनिराळ्या रूपांत हाताखालून गेली, त्याचा होता. दहावीनंतर कला शाखेला गेलेल्या बाईला वर्गसमीकरण आठवत नसेल तर त्यात तिचा दोष शोधू नये.

"व्हिडिओ पाहिला, सगळं समजलं"

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. रात्री जेवणं आटोपल्यावर बाई अपूर्णांकांचे चार व्हिडिओ पाहते, सगळं पटत जातं, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिली ओळ सुचत नाही. दुसऱ्यानं सोडवलेलं गणित कळणं आणि स्वतः सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओ पाहावा, पण थांबवून, वही पुढे ओढून तेच गणित न बघता करावं. अडलं तर पुन्हा बघावं. अडण्याच्या त्या पाच मिनिटांतच शिकणं होत असतं.

दुसरी सवय म्हणजे एका प्रकाराची वीस गणितं ओळीनं, मग पुढच्या प्रकाराची वीस. आपली पाठ्यपुस्तकं अशीच रचलेली असल्यानं हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये हे तपासलं. त्यांनी विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला प्रकारवार गणितं दिली, दुसऱ्याला तीच मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार गट पुढे होता, ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत चित्र उलटलं. प्रकारवार गटाला २० टक्के, मिसळलेल्या गटाला ६३ टक्के. कारण परीक्षेत गणिताच्या डोक्यावर 'हे शेकडेवारीचं' असं लिहिलेलं नसतं. कुठली रीत लावायची हे ओळखणं हेच अर्धं काम, आणि प्रकारवार सरावात ते काम कधी करावंच लागत नाही.

म्हणून मी सांगते: रोज दहा गणितं, पण दहाही वेगवेगळी. एक अपूर्णांकाचं, एक ऋण संख्यांचं, एक समीकरण, एक आलेख, एक शाब्दिक. आज चुकलेलं तीन दिवसांनी पुन्हा, आणि आठवड्यानं आणखी एकदा. यात मजा कमी येते आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटत राहतं. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर अ‍ॅक्युप्लेसरचे सराव प्रश्न मोफत आहेत. सुरुवात त्यांनीच करावी, पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नव्हे. म्हणजे नेमकं काय गंजलंय ते पहिल्याच संध्याकाळी कळतं.

"कंचेभागुबेव पाठ आहे, पुरे"

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडातून हा शब्द झोपेतही निघतो. पण तो शब्दशः पाळला तर १० − ४ + ३ याचं उत्तर चुकतं. 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून ४ + ३ = ७, आणि १० − ७ = ३. खरं उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. भागाकार आणि गुणाकारही तसेच. अमेरिकेतली मुलं 'पेमडास' म्हणतात, त्यात गुणाकार आधी येतो, म्हणून त्यांतली काही १२ ÷ ३ × २ चं उत्तर २ काढतात. बरोबर उत्तर ८. दोन देशांचे दोन मंत्र, दोन्हींतून एकाच जातीची चूक.

आणखी एक उणीव: कंचेभागुबेवमध्ये घातांकाला जागाच नाही. २ × ३² मध्ये आधी वर्ग करायचा, म्हणजे २ × ९ = १८, ६ चा वर्ग ३६ नव्हे. तसंच −३² म्हणजे −९, आणि (−३)² म्हणजे ९. ही चूक प्रौढ विद्यार्थ्यांच्या वहीत मी सर्वांत जास्त पाहते.

"भारतातलं गणित अवघड, इथलं सोपंच असणार"

अ‍ॅक्युप्लेसरचे गणिताचे तीन भाग आहेत: अंकगणित, मग संख्यात्मक विचार-बीजगणित-संख्याशास्त्र, आणि मग प्रगत बीजगणित व फलने. प्रत्येकात वीस प्रश्न. पहिल्या भागातला बराचसा मजकूर आपल्या पाचवी ते सातवीचा, दुसऱ्यातला साधारण आठवी ते दहावीचा. तिसऱ्यात त्रिकोणमिती आणि घातांकी फलनंही येतात. अभ्यासक्रमाला घाबरण्यासारखं काही नाही. पाय घसरतो तो भाषेवरून. मराठी माध्यमातून आलेल्यांना अंश-छेद, लसावि, अवयव, चढ हे शब्द हाडात भिनलेले असतात, आणि पडद्यावर न्यूमरेटर, फॅक्टर, स्लोप दिसले की ओळखीचा माणूस परक्या कपड्यांत भेटल्यासारखं होतं. रेषेच्या समीकरणातलं 'सी' इथे 'बी' असतं. स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात, त्यामुळे साडेबारा लाख लिहिलेले पटकन वाचता येत नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून असे तीस-चाळीस शब्द लिहून काढले की हा अडसर आठवड्यात जातो.

उलट एका बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, आणि जुन्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे म्हटलेले आहेत. म्हणून फोनवरच्या त्या प्रश्नाला मी रीत सांगत नाही. विचारते, पाऊण किलो साखर आहे, अर्ध्या किलोचे डबे आहेत, किती डबे भरतील? क्षणभर शांतता, आणि मग उत्तर येतं: दीड. ३/४ ÷ १/२ = १ १/२. भाजक उलटा करून गुणण्याची रीत त्यानंतर सांगितली की ती चिकटते. भागल्यावर संख्या लहानच झाली पाहिजे हा जुना समजही त्याच दीड डब्यात विरघळतो.

परीक्षेच्या खोलीतले समज

"घाई करावी लागेल." अ‍ॅक्युप्लेसरला वेळेची मर्यादा नाही. कच्च्या कागदावर सावकाश करावं. पण मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, म्हणून पुढे जाण्याआधीच उत्तर पडताळावं. पडताळण्याची सोपी युक्ती म्हणजे अक्षरांच्या जागी लहान संख्या घालणं. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं वाटलं तर अ = ३, ब = ४ घालून पाहा: एकीकडे ४९, दुसरीकडे २५.

"कॅल्क्युलेटर नेता येईल." स्वतःचा नेता येत नाही. जिथे परवानगी आहे त्या प्रश्नांना तो पडद्यावरच येतो. म्हणून सराव कॅल्क्युलेटरशिवाय करावा, पाढ्यांसकट.

"प्रश्न अवघड व्हायला लागले, म्हणजे माझं चुकतंय." नेमकं उलटं. अ‍ॅक्युप्लेसर आणि अ‍ॅलेक्स या दोन्ही परीक्षा उत्तरांप्रमाणे बदलतात, बरोबर उत्तरं येत गेली की पुढचा प्रश्न कठीण येतो. अवघड प्रश्न दिसला की धीर सोडणाऱ्यांना हे आधी माहीत असायला हवं.

"येत नसेल तर काहीतरी ठोकून द्यावं." हे परीक्षेवर अवलंबून आहे. अ‍ॅक्युप्लेसरमध्ये बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकीला गुण कापत नाहीत आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे अशक्य पर्याय गाळून उरलेल्यांतला एक निवडावा. अ‍ॅलेक्समध्ये जास्तीत जास्त तीस प्रश्न असतात, उत्तर बहुधा स्वतः लिहावं लागतं, आणि 'मला माहीत नाही' असं बटण असतं. खरंच माहीत नसेल तर ते बिनदिक्कत दाबावं. कारण परीक्षेनंतर अ‍ॅलेक्स तुमच्या कच्च्या जागांवर बेतलेला अभ्यास देतं, आणि तो केल्यावर बऱ्याच कॉलेजांत पुन्हा परीक्षा देता येते. किती दिवसांनी आणि किती वेळा, हे आपल्या कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरला पहिल्या फेरीच्या आधीच विचारून ठेवावं.