कारल्याचा रस आणि साखरेची गोळी

मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना सकाळी अनशापोटी कारल्याचा रस, भिजवलेली मेथी किंवा जांभळाच्या बियांची पूड घेणारी माणसे महाराष्ट्रात घरोघर आढळतात. यांतल्या काहींनी साखर खरोखर उतरते, आणि अडचण तिथेच सुरू होते. डॉक्टरांनी गोळीची मात्रा ठरवलेली असते ती या रसाचा हिशेब न धरता.

1979 साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलेली एक नोंद या विषयात आजही सांगितली जाते. क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका मधुमेही स्त्रीच्या जेवणात कारले-लसणाची भाजी असली की तिच्या लघवीतली साखर एरवीपेक्षा कमी भरे. काढा नाही, अर्क नाही. रोजच्या स्वयंपाकातली भाजी.

धोका गोळीगणिक बदलतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग रक्तात साखर आधीच कमी का असेना. त्यांच्या जोडीला कारले किंवा गुडमार, म्हणजे बेडकीचा पाला, आला की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो, धडधडते, पुढे बोलणे असंबद्ध होते. इन्शुलिन टोचणाऱ्यांनाही हीच भीती. त्यात एकादशीचा कडक उपवास असेल किंवा मूत्रपिंडे अधू असतील तर ती आणखी वाढते. ग्लिबेनक्लामाइडचा अंमल बराच वेळ टिकतो. साखर खाऊन बरे वाटले तरी काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका पुष्कळच कमी. या मेटफॉर्मिनचे मूळही गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीतल्या द्रव्यापर्यंत पोचते, तेव्हा झाडपाला म्हणजे सौम्यच, हा समज टिकत नाही.

मेथी आणि इसबगोल यांचे काम निराळे. त्यांच्या चिकट तंतूंमुळे आतड्यातून साखर सावकाश शोषली जाते. सोबत घेतलेली गोळीही रेंगाळू शकते. म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवलेले बरे.

सर्वांत घातक प्रकार भेसळीचा. 2008 साली सिंगापुरात पौरुषवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा औषधांत ग्लिबेनक्लामाइड सापडले. मधुमेह नसलेली माणसे साखर उतरून रुग्णालयात दाखल झाली, काही दगावली. मधुमेहावरच्या ‘शुद्ध वनौषधी’ चूर्णांतही अशा गोळ्यांची भेसळ वेळोवेळी पकडली गेली आहे. लेबल नसलेल्या पुडीने साखर झपाट्याने उतरली, तर आधी शंका घ्यावी.

रस किंवा चूर्ण सुरू करायचे असेल तर ते डॉक्टरांना सांगून, आणि सुरुवातीचे काही आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवून. ‘गोळीसोबत आणखी काय घेता?’ हे डॉक्टरांनीही आपणहून विचारायला हवे. रागावतील या धास्तीने रुग्ण गप्प बसतो. साखर उतरलीच तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असणाऱ्याला मात्र साखरेऐवजी ग्लुकोजची पावडर लागते, कारण या गोळ्या साखरेचे पचनच लांबवतात.