लायलपूर : कालव्याने वसविलेले नगर

रावी आणि चिनाब या दोन नद्यांच्या मधल्या उंच, कोरड्या मुलखाला ‘सांदल बार’ म्हणतात. नदीच्या पुराचे पाणी जेथवर पोचत नाही अशा माळरानाला पंजाबीत ‘बार’ हा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे झुडुपे व गवत यांखेरीज फारसे काही उगवत नसे. गुरे आणि उंट घेऊन हिंडणाऱ्या पशुपालकांचे हे चराऊ रान होते. आज तेथे फैसलाबाद हे पाकिस्तानातील मोठे औद्योगिक शहर उभे आहे. 1977 पर्यंत त्याचे नाव लायलपूर असे होते.

हा कायापालट चिनाबच्या कालव्याने घडविला. आरंभी हा कालवा पुराच्या पाण्यावर चाले. नदी उतरली की तो कोरडा पडे. 1892 साली खानकी येथील बंधारा पुरा झाला आणि कालवा बारमाही वाहू लागला. पडीक जमीन सरकारच्या मालकीची, असे ठरवून इंग्रज राज्यकर्त्यांनी तेथे वसाहत आखली. अमृतसर, जालंधर, होशियारपूर अशा दाट वस्तीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणविले. जुन्या पशुपालकांनाही काही जमिनी मिळाल्या. परंतु त्यांचे मोकळे रान कायमचे संपले.

वसाहतीची आखणी पाण्याच्या हिशेबाने झाली. साऱ्या मुलखाचे सुमारे 28 एकरांचे चौकोन पाडले व प्रत्येक चौकोनाचे 25 भाग केले. मुख्य कालव्यातून शाखा, शाखांतून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतांचे पाट निघाले. ज्याची जितकी जमीन, तितका वेळ त्याच्या पाटाला पाण्याची पाळी. गावांना ‘चक’ म्हणत आणि ती कालव्याच्या शाखेवरून व क्रमांकाने ओळखली जात. मधोमध बाजारपेठेचे नगर वसले. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स लायल यांचे नाव त्याला मिळाले. घड्याळाच्या मनोऱ्यापासून आठ दिशांना आठ बाजार निघतात. गहू आणि कापूस येथून रेल्वेने कराची बंदराकडे जाऊ लागला.

ही व्यवस्था जितकी नेटकी, तितकीच करडी होती. शेतकरी जमिनीचा मालक नव्हता, तो सरकारचे कूळ होता. त्याने चकातच राहावे, झाडे लावावीत, स्वच्छता राखावी, असे नियम होते. ते मोडल्यास दंड होई. ज्याने माळ फोडून शेत केले, त्याला मालकीची आस लागणे स्वाभाविकच होते. परंतु 1906 साली सरकारने जे विधेयक आणले, त्याने कुळांवरील बंधने अधिकच आवळली. वारसाहक्कावरही मर्यादा घातली.

वसाहतवाले खवळून उठले. मार्च 1907 मध्ये लायलपूर येथे मोठी सभा भरली. तीत लाला लजपतराय व सरदार अजितसिंग बोलले आणि शेतकऱ्याला पगडी सांभाळण्याची हाक देणारे बांके दयाळ यांचे गीत गाजले. या दोघाही पुढाऱ्यांना सरकारने मंडालेस हद्दपार केले. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांना शिक्षा होऊन त्यांचीही रवानगी मंडालेस झाली. तथापि सरकारला वेगळीच धास्ती होती. वसाहतीत माजी सैनिक पुष्कळ होते, आणि त्यांच्या घरचे तरुण फौजेत होते. मे 1907 मध्ये व्हाइसरॉय मिंटो यांनी विधेयकास संमती नाकारली. 1912 च्या कायद्याने कुळांना मालकी मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला. अजितसिंगांचे पुतणे भगतसिंग यांचा जन्म 1907 मध्ये याच जिल्ह्यातील बंगा गावी, चक क्रमांक 105 मध्ये झाला.

बारमाही पाण्याने पिके दिली, तसे दुखणेही आणले. कालव्यांतून पाझरणाऱ्या पाण्याने भूजल वर चढले आणि कित्येक ठिकाणी जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. त्याहून मोठा आघात 1947 साली झाला. फाळणीत लायलपूर पाकिस्तानात गेले. ज्या शीख व हिंदू कुटुंबांनी मालकीसाठी लढा दिला होता, ती बैलगाड्यांच्या काफिल्यांतून पूर्वेकडे निघाली. तिकडून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी त्यांच्या शेतांत नांगर धरला. माणसे बदलली, चौकोन, चकांचे क्रमांक आणि पाण्याच्या पाळ्या मात्र तशाच राहिल्या.